दोनदा पडला, तरी जगज्जेता? पुरुषांच्या फिगर स्केटिंगचे गुण ठरतात तरी कसे

कॅनडातल्या लंडन शहरात मार्च २०१३ मध्ये झालेली जागतिक स्पर्धा फिगर स्केटिंगचे चाहते अजून विसरलेले नाहीत. कझाकस्तानचा डेनिस टेन तेव्हा १९ वर्षांचा होता आणि तो पदकाच्या आसपास असेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. अंतिम फेरीत तो बर्फावर उतरला आणि तोवरच्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम स्केटिंग करून गेला. त्याच फेरीत यजमान देशाचा पॅट्रिक चॅन दोनदा पडला. तरीही जगज्जेता ठरला चॅन. त्याचे एकूण गुण २६७.७८, टेनचे २६६.४८. फरक १.३० गुणांचा.

पडलेला जिंकतो आणि न पडलेला हरतो, हे ज्याने हा खेळ पहिल्यांदाच पाहिला त्याला पटणं अवघड आहे. वर्षानुवर्षं पाहणाऱ्यांनाही ते पटलं नव्हतं. चॅनला परीक्षक जरा जास्तच गुण देतात, ही कुजबुज त्याआधीपासून होती. त्या दिवशी ती उघड बोलली जाऊ लागली. ऑलिंपिक असो वा जागतिक स्पर्धा, पुरुषांच्या गटाचा निकाल लागला की असा वाद होतोच. भारतात आपण हा खेळ चार वर्षांतून एकदा, तोही हायलाइट्समध्ये पाहतो. त्यामुळे वाद कानावर येतो, पण त्यामागचं गणित पोहोचत नाही.

या भांडणात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. परीक्षकांनी नियम चुकीचा लावला का? नियमच चुकीचा आहे का? की परीक्षकांनी जाणूनबुजून पक्षपात केला? चाहते बहुतेक वेळा तिसरा आरोप करतात आणि प्रत्यक्षात त्यांचा राग दुसऱ्या प्रश्नावर असतो. माझं मत आधीच सांगते: गाजलेल्या निकालांपैकी बरेचसे गणिताने उलगडतात. पण या खेळात अन्याय नाही असं मात्र नाही. तो जिथे आहे तिथे कॅमेरा सहसा जात नाही.

गणिताचा पेपर आणि निबंध

स्पर्धेत प्रत्येक स्केटर दोनदा उतरतो. पहिल्यांदा छोटा कार्यक्रम, साधारण २ मिनिटं ४० सेकंदांचा. त्यानंतर मोठा, साधारण ४ मिनिटांचा. दोन्हींच्या गुणांची बेरीज म्हणजे अंतिम निकाल. लंडनच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथेच आहे. मोठ्या कार्यक्रमात टेनच पुढे होता: त्याला १७४.९२, चॅनला १६९.४१. पण छोट्या कार्यक्रमात चॅनने ९८.३७ गुणांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला होता आणि टेनला ९१.५६ मिळाले होते. म्हणजे अंतिम फेरीच्या दिवशी टेन चॅनपेक्षा सरस ठरला, हे परीक्षकांनीही मान्य केलंच होतं. आदल्या फेरीतली जवळजवळ सात गुणांची पिछाडी मात्र त्याला पूर्ण भरून काढता आली नाही.

आता प्रत्येक कार्यक्रमाचे गुण कसे देतात ते पाहू. दहावीचे दोन पेपर डोळ्यांसमोर आणा: गणिताचा आणि मराठीच्या निबंधाचा. गणितात प्रत्येक उदाहरणाचे गुण आधीच ठरलेले असतात, पायऱ्या बरोबर असल्या की ते मिळतात. निबंधात तपासणाऱ्याला काय भावलं, भाषा कशी वाटली, मांडणी कशी होती, यावर गुण ठरतात. फिगर स्केटिंगमध्ये हे दोन्ही पेपर एकाच वेळी तपासले जातात. गणिताच्या भागाला आपण तांत्रिक गुण म्हणू आणि निबंधाच्या भागाला सादरीकरणाचे गुण.

तांत्रिक भागात प्रत्येक उडीचे, गिरकीचे, पदन्यासाचे मूळ गुण ठरलेले आहेत आणि त्यांचा तक्ता सर्वांना उपलब्ध असतो. हवेत तीन फेऱ्या मारून उतरण्याची लुट्झ ही उडी ५.९ गुणांची. तीच उडी चार फेऱ्यांची केली की ११.५. चार फेऱ्यांच्या कुठल्याही उडीला क्वाड म्हणतात आणि पुरुषांच्या गटातले निम्मे वाद याच शब्दाभोवती फिरतात.

स्केटरने नेमकं काय केलं, हे तांत्रिक पॅनेल ठरवतं. ही तीन जणांची वेगळी चमू असते. उडीच्या फेऱ्या पूर्ण झाल्या का, पाय योग्य कडेवरून सुटला का, हे ती व्हिडिओ मागे-पुढे करून तपासते. फेरीचा पाव ते अर्धा भाग कमी पडला तर मूळ गुणांच्या ८० टक्केच मिळतात. अर्धा किंवा त्याहून जास्त भाग कमी पडला तर उडी थेट एक फेरी खालची धरली जाते.

पॅनेलचं ठरलं की परीक्षक दर्जा ठरवतात. मोठ्या स्पर्धेत ते नऊ असतात. प्रत्येक जण उणे ५ ते अधिक ५ या पट्टीवर आकडा देतो आणि एकेक पायरी मूळ गुणांच्या १० टक्के धरली जाते. नऊपैकी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा काढून टाकतात, उरलेल्या सातांची सरासरी घेतात. म्हणजे ११.५ ची क्वाड लुट्झ सुरेख उतरली आणि सरासरी अधिक ३ आली, तर १४.९५ गुण.

मग पडल्यावर शिक्षा नको का?

शिक्षा आहे, आणि ती आता पूर्वीपेक्षा कडक आहे. क्वाड लुट्झवर पूर्ण फेऱ्या मारून स्केटर पडला, तर दर्जा उणे ५ धरला जातो. म्हणजे ११.५ मधून ५.७५ गेले. त्यावर पडल्याचा वेगळा एक गुण वजा. हातात राहिले ४.७५. याउलट साध्या, न पडता केलेल्या तिहेरी लुट्झला ५.९. आजच्या नियमांत तरी पडलेल्या क्वाडला न पडलेल्या तिहेरी उडीपेक्षा कमी गुण मिळतात. तिसऱ्या-चौथ्यांदा पडल्यास वजावट प्रत्येकी दोन गुणांची होते. शिवाय पडणाऱ्याला सादरीकरणात अगदी वरचे गुण देता येऊ नयेत अशी मर्यादाही घातली आहे.

२०१३ मध्ये हे चित्र वेगळं होतं. दर्जाची पट्टी तेव्हा उणे ३ ते अधिक ३ इतकीच होती आणि पडण्याचा फटका सौम्य होता. चॅनचा विजय त्या नियमांत बसत होता. म्हणून ‘चॅनला फुकट जिंकवलं’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. नियम पडण्याला फार स्वस्तात सोडत होता, हे म्हणणं जास्त खरं. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने, म्हणजे आयएसयूने, पुढे २०१८ मध्ये पट्टी रुंद केली. चाहत्यांची तक्रार निराधार नव्हती, हे त्यातून दिसतंच.

पुढच्याच वर्षी सोची ऑलिंपिकमध्ये जपानचा युझुरू हान्यू मोठ्या कार्यक्रमात दोनदा पडला आणि २८०.०९ गुणांनी सुवर्णपदक घेऊन गेला. दुसरा आला चॅन, २७५.६२ गुणांनी. मोठ्या कार्यक्रमात दोघांमध्ये अर्ध्या गुणाचाच फरक होता. खरा फरक पाडला हान्यूच्या छोट्या कार्यक्रमाने, १०१.४५. चॅनला ज्या हिशेबाने जगज्जेतेपद दिलं, त्याच हिशेबाने ऑलिंपिकचं सुवर्ण त्याच्या हातून नेलं. २०१३ च्या निकालाला कट म्हणणाऱ्यांनी सोचीचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

क्वाड न मारता ऑलिंपिक सुवर्ण?

व्हँकुव्हर, २०१०. रशियाचा येवगेनी प्लुशेन्को निवृत्तीतून परतला होता, आधीचा ऑलिंपिक विजेता होता आणि क्वाडला जोडून तिहेरी उडी मारत होता. अमेरिकेचा इव्हान लायसॅचेक क्वाड मारतच नव्हता. जिंकला लायसॅचेक: २५७.६७ विरुद्ध २५६.३६. क्वाडशिवायचं पुरुष स्केटिंग म्हणजे नुसतं बर्फावरचं नृत्य, असा प्लुशेन्कोच्या बाजूचा सूर होता. तेव्हाचे रशियाचे पंतप्रधान पुतिन यांनी प्लुशेन्कोला तार पाठवून त्याचं रौप्य सुवर्णाच्या तोडीचं असल्याचं कळवलं. प्लुशेन्कोच्या संकेतस्थळावर तर ‘प्लॅटिनम’ पदकही झळकलं.

या निकालाची गुणपत्रिका मी कितीदा तरी पाहिली आहे, कारण ती इतकी बोलकी आहे. मोठ्या कार्यक्रमात दोघांचे सादरीकरणाचे गुण शंभराव्या हिश्श्यापर्यंत सारखे होते, ८२.८०. म्हणजे त्या दिवशी निबंधात बरोबरी झाली होती आणि सगळा फरक गणिताच्या पेपरात पडला. तिथे प्लुशेन्कोचे मूळ गुण ७५.०३, लायसॅचेकचे ७४.९३. क्वाड असूनही प्लुशेन्कोची आघाडी फक्त ०.१०!

हे कसं झालं? एक तर तेव्हाच्या तक्त्यात चार फेऱ्यांची टो-लूप ही उडी ९.८ गुणांची होती आणि तिहेरी अॅक्सल ही साडेतीन फेऱ्यांची उडी ८.२ ची. जिवावर बेतणारा तो क्वाड तिहेरी अॅक्सलपेक्षा दीड गुणाच्या आसपासच जास्त मिळवून देत होता. दुसरं, कार्यक्रमाच्या उत्तरार्धात मारलेल्या उड्यांना दहा टक्के जादा मिळायचे, कारण तेव्हा पाय थकलेले असतात. लायसॅचेकने अवघड उड्या मागे ढकलून ठेवल्या होत्या, प्लुशेन्कोने बहुतेक उरकून घेतल्या होत्या. तिसरी गोष्ट दर्जाची. प्लुशेन्कोच्या काही उड्या हवेत कललेल्या होत्या आणि त्याने त्या कशाबशा सावरल्या. लायसॅचेक स्वच्छ उतरत राहिला. दर्जातून लायसॅचेकने ९.६४ कमावले, प्लुशेन्कोने ७.६८.

यात परीक्षकांनी फसवलं असं मला कुठे दिसत नाही. लायसॅचेकच्या चमूने नियमपुस्तक नीट वाचून कार्यक्रम बांधला होता. पण नियम बरोबर होता का? माझ्या मते नव्हता. जगातल्या मोजक्या पुरुषांना जमणाऱ्या गोष्टीला इतकं कमी मोल देणं म्हणजे खेळाला मागे खेचणं होतं. आयएसयूलाही बहुधा तसंच वाटलं, कारण पुढच्याच मोसमात त्या क्वाडचे मूळ गुण १०.३ झाले. नंतर क्वाडांची इतकी लाट आली की २०१८ मध्ये ते पुन्हा खाली आणावे लागले. टो-लूप ९.५ वर आली, लुट्झ १३.६ वरून ११.५ वर.

हा वाद आता अॅक्सलवर येऊन थांबला आहे. अॅक्सल ही पुढे तोंड करून मारायची एकमेव उडी, त्यामुळे तिला अर्धी फेरी जास्त लागते. क्वाड अॅक्सल म्हणजे हवेत साडेचार फेऱ्या. हान्यूने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती मारून पाहिली, फेरी किंचित कमी पडली आणि तो कोसळला. मूळ १२.५ चे ८० टक्के म्हणजे १०, त्यातून दर्जाचे ५ गेले, वर पडल्याचा एक. हाती आले ४. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या लेक प्लॅसिडला १७ वर्षांच्या इलिया मलिनिनने ही उडी स्पर्धेत पहिल्यांदा यशस्वी केली. हान्यू आणि मलिनिन या दोघांचेही चाहते विचारतात, की साडेचार फेऱ्यांना १२.५ आणि चारांच्या लुट्झला ११.५, हे कोणत्या न्यायाने? मला या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

निबंधाचे गुण, आणि नाव झाकलेलं नसणं

आता अवघड भागाकडे येऊ. सादरीकरणात आज तीन बाबी आहेत: कार्यक्रमाची रचना, प्रत्यक्ष सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य, म्हणजे वेग, कडांवरचा ताबा, वळणं. २०२२ पर्यंत अशा पाच बाबी होत्या. प्रत्येकीला दहापैकी गुण. पुरुषांच्या छोट्या कार्यक्रमात त्यांना १.६७ ने आणि मोठ्यात ३.३३ ने गुणतात.

हा गुणाकार करून पाहिला की डोळे उघडतात. एका स्केटरला तिन्ही बाबींत सगळीकडे साडेनऊ मिळाले आणि दुसऱ्याला साडेआठ, तर दोन्ही कार्यक्रम मिळून फरक १५ गुणांचा होतो. एका अख्ख्या क्वाड लुट्झपेक्षा जास्त. लंडनचा निकाल १.३० ने लागला होता, व्हँकुव्हरचा १.३१ ने.

आणि हा ‘एक’ गुण ठरतो कशावर? दहावीच्या उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, नाव नसतं. निबंध वर्गात पहिल्या येणाऱ्याचा आहे की मागच्या बाकावरच्याचा, हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून ती व्यवस्था. बर्फावर असं काही झाकता येत नाही. परीक्षकाला समोरचा स्केटर ठाऊक असतो, त्याची पदकं ठाऊक असतात, सरावातही त्याने त्याला पाहिलेलं असतं. मोठ्या कार्यक्रमात छोट्या कार्यक्रमातले पहिले शेवटच्या गटात उतरतात, म्हणजे ‘आता चांगले येणार’ ही अपेक्षा क्रमातच लिहिलेली असते. अशात नावाजलेल्याला नऊ सहज सुटतात आणि नवख्याने तितकंच सुंदर केलं तरी आठावर हात थांबतो. टेनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मूळ मुद्दा हाच होता, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. यात कुणी लबाडी केलेली असण्याची गरजही नसते. माणसाचं मन असंच चालतं.

एका आक्षेपाला मात्र उत्तर द्यायला हवं. ‘कला मोजताच येत नाही, तेव्हा हे गुण काढूनच टाका’, असं काही जण म्हणतात. पण स्केटिंगचं कौशल्य ही नुसती आवडीनिवडीची बाब नाही. दोन पावलांत वेग घेणं, एका पायावर खोल कडेने वळणं आणि संगीताच्या तालावर हे सगळं साधणं, यात जाणकाराला स्पष्ट फरक दिसतो. चॅन या बाबतीत त्याच्या पिढीत खरोखर अव्वल होता, त्याच्या विरोधकांनीही ते नाकारलेलं नाही. हे गुण काढले तर उरेल ती फक्त उड्यांची स्पर्धा.

परीक्षक आपल्या देशाला झुकतं माप देतात?

देतात. इथे मी ‘कदाचित’ म्हणणार नाही.

आजची गुणपद्धत जन्माला आली तीच एका घोटाळ्यातून. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी प्रकारात रशियन जोडी जिंकली आणि पाठोपाठ फ्रेंच परीक्षक मारी-रेन ल गून्य यांनी सांगितलं, की आपल्यावर आपल्याच देशाच्या संघटनेच्या प्रमुखाचा दबाव होता. नंतर त्यांनी ते विधान फिरवलं. शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्ण देण्यात आलं. ल गून्य आणि त्यांचे संघटना-प्रमुख दिदिए गेलागे यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत गेली आणि २००४ पासून आजची आकडेमोड आली.

पक्षपात गेला नाही. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गटात चीनचा जिन बोयांग २९७.७७ गुणांनी चौथा आला, अमेरिकेचा नेथन चेन २९७.३५ गुणांनी पाचवा. त्याच गटातल्या चिनी परीक्षक चेन वेइगुआंग यांनी आपल्या स्केटरला झुकतं माप दिल्याचं आयएसयूच्या शिस्तपालन समितीने ठरवलं आणि त्यांना दोन वर्षं निलंबित केलं. बीजिंग ऑलिंपिकचीही त्यांना बंदी झाली. निकाल मात्र तसाच राहिला.

यावर कुणी म्हणेल, नऊपैकी एक परीक्षक काय करणार? वरचा-खालचा आकडा तर काढूनच टाकतात. थोडी आकडेमोड करू. एका क्वाड लुट्झला आठ परीक्षकांनी १, १, २, २, २, २, ३, ३ दिले. नववा प्रामाणिक असेल आणि २ देईल, तर सरासरी बरोबर २ येते. त्याने आपल्या माणसाला ५ दिले, तर ते ५ वगळले जातात, पण त्यामुळे एरवी वगळला गेला असता असा एक ३ आत राहतो. सरासरी २.१४ होते. गुणांत हा फरक साधारण ०.१६. क्षुल्लक वाटतो. पण अशा पाच-सहा उड्या, गिरक्या, पदन्यास आणि त्यावर सादरीकरण. तिथे तिन्ही बाबींत अर्धा-अर्धा गुण चढवला आणि तो वगळला गेला नाही, तर मोठ्या कार्यक्रमातच सुमारे ०.७ ची भर पडते. वर-खालचे आकडे वगळल्याने पक्षपात बोथट होतो, नाहीसा होत नाही. आणि जिथे चौथ्या-पाचव्यात ०.४२ चं अंतर असतं, तिथे बोथट सुरीही पुरते.

पण मग नावं गुप्त ठेवली तर?

ठेवून पाहिली. सॉल्ट लेक सिटीनंतर कोणत्या परीक्षकाने किती गुण दिले हे लपवण्यात आलं. हेतू चांगला होता: आपल्या देशाच्या संघटनेला कळलंच नाही, तर ती दबाव कशी आणेल? डार्टमथ कॉलेजचे अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले. मायदेशाकडे झुकणं कमी झालं नव्हतं, उलट वाढलं होतं. पडद्याने परीक्षकाला दबावापासून वाचवलं की नाही ठाऊक नाही, पण चाहत्यांच्या आणि पत्रकारांच्या नजरेपासून नक्की वाचवलं. अखेर २०१६ मध्ये आयएसयूने गुप्तता रद्द केली.

झिट्झेविट्झ यांचंच त्याआधीचं एक संशोधन मला याहून महत्त्वाचं वाटतं. त्यांनी फिगर स्केटिंगची तुलना स्की जंपिंगशी केली. दोन्ही खेळांत परीक्षक गुण देतात, दोन्हींत ते आपल्या देशाकडे झुकतात. पण स्की जंपिंगमध्ये ऑलिंपिकसारख्या स्पर्धेचे परीक्षक आंतरराष्ट्रीय संघटना निवडते आणि ती कमी पक्षपाती माणसं निवडते. फिगर स्केटिंगमध्ये निवड देशोदेशीच्या संघटनांकडे होती आणि त्या जास्त पक्षपाती माणसं पाठवत होत्या. खेळाडू ज्या संघटनेचा, परीक्षकाचं पुढचं पाऊलही त्याच संघटनेच्या हाती!

क्रिकेटने हा प्रश्न कधीच ओळखला. १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले, कारण घरच्या पंचांवर होणारे आरोप पाकिस्तानला संपवायचे होते. पुढे २००२ पासून कसोटीत दोन्ही पंच तटस्थ असण्याचा नियमच झाला. फिगर स्केटिंगमध्ये आजही आपल्या देशाचा खेळाडू बर्फावर असताना त्याच देशाचा परीक्षक गुण देत बसतो. सुधारणा करायचीच तर माझ्या मते ती इथून सुरू व्हावी.

दाद कुठे मागायची?

जवळपास कुठेच नाही. परीक्षकांनी किंवा तांत्रिक पॅनेलने केलेल्या मूल्यमापनाविरुद्ध दाद मागायला आयएसयूचे नियम परवानगी देत नाहीत. बेरीज-गुणाकारात चूक झाली असेल तर तेवढी दुरुस्त होते. म्हणजे पॅनेलने एखादी पूर्ण उडी चुकून अपूर्ण ठरवली आणि पदक गेलं, तरी प्रशिक्षकाला हात वर करता येत नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये काठिण्याच्या गुणांवर चौकशी मागता येते. तिथेही गोंधळ होतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये अशी चौकशी एका मिनिटाऐवजी चार सेकंद उशिरा मागितली म्हणून अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सचं कांस्य वादात सापडलं. पण निदान विचारण्याची सोय आहे.

सगळं यंत्रावर सोपवलं तर?

गणिताच्या पेपरापुरतं हे शक्य आहे आणि व्हायलाही हवं. अपूर्ण फेरी ही पावणेचार की चार अशी मोजण्याची बाब आहे, मताची नाही. स्केट बर्फाला टेकताना कॅमेऱ्याकडे पाठ असेल, तर माणसाच्या नजरेला ते नीट दिसत नाही. एका कोपऱ्यातून पूर्ण वाटणारी उडी दुसऱ्या कोपऱ्यातून अपूर्ण दिसते. चाहते घरबसल्या वेगळ्या कोनातून चित्रित झालेल्या क्लिप दाखवून भांडतात, त्याचं कारण हेच. जपानमध्ये २०१९ च्या जागतिक स्पर्धेच्या प्रक्षेपणात उडीची उंची आणि लांबी पडद्यावर दाखवली गेली होती. जिम्नॅस्टिक्समध्ये फुजित्सू कंपनीची, हालचाली मोजून परीक्षकांना मदत करणारी प्रणाली २०२३ च्या जागतिक स्पर्धेत सर्व साधनांवर वापरली गेली. स्केटिंगने इतकं मागे राहावं असं काही तांत्रिक कारण दिसत नाही.

निबंध मात्र माणसालाच तपासावा लागेल. तिथे यंत्राकडून एवढीच मदत घेता येईल: कोणता परीक्षक कुणाला सातत्याने सरासरीच्या वर नेतो, हे लगेच दाखवणं. यातही एक धोका आहे. सरासरीपासून दूर जाणाऱ्याला दोषी धरायला लागलं की सगळे मधलाच आकडा देऊ लागतात, आणि नवख्याला मनापासून साडेनऊ देऊ पाहणारा परीक्षकही पावणेनऊवर थांबतो. सरासरीपासून दूर जाणं आणि फक्त आपल्या देशासाठी दूर जाणं, या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात.

निकाल पटला नाही, तर आधी काय पाहायचं

प्रत्येक स्पर्धेनंतर तपशीलवार गुणपत्रिका प्रसिद्ध होते. तिच्यात प्रत्येक घटकाची एक ओळ असते. आधी उडीच्या नावापुढच्या खुणा पाहा. डावीकडे टोक असलेला एक बाण म्हणजे फेरी अपूर्ण, दोन बाण म्हणजे उडी एक फेरी खालची धरली. राग या खुणेवर असेल, तर तो परीक्षकांवर नव्हे, तांत्रिक पॅनेलवर काढायला हवा. खुणा नसतील आणि तरी गुण कमी वाटत असतील, तर मूळ गुणांची आणि दर्जाच्या गुणांची वेगवेगळी बेरीज करून पाहा. व्हँकुव्हरसारखी स्थिती असेल तर तुमचं भांडण नियमाशी आहे.

त्यानंतर तळाच्या तीन ओळी, सादरीकरणाच्या. नऊ परीक्षकांचे नऊ स्तंभ असतात. आडवे वाचू नका, उभे वाचा. एकाच परीक्षकाचा स्तंभ धरून तो पहिल्या पाच स्केटरांच्या पत्रिकांत पाहा. सगळ्यांनाच सढळ हाताने देणारा परीक्षक निरुपद्रवी असतो. एकालाच वर आणि त्याच्या लगतच्या प्रतिस्पर्ध्याला खाली असा स्तंभ दिसला, तर परीक्षकांच्या यादीत त्याचा देश पाहा. प्योंगचांगच्या पत्रिकांत असे स्तंभ कुणालाही पाहता येत होते, कारण दोन वर्षांपूर्वीच नावांवरचा पडदा काढलेला होता.